अंगावरून वारं जातं तेव्हा : मेंदू वाचवणाऱ्या औषधाच्या शोधाची गोष्ट

आज आम्ही तुम्हाला इतिहास सांगणार आहोत. राजा-राण्यांचा नाही, एका औषधाच्या शोधाचा. हा शोध शंभर वर्षं चालला आहे आणि अजून संपलेला नाही.

हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगतो. गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचा अर्ज येतो, तेव्हा कारणाच्या रकान्यात "औषधोपचार" लिहिलेलं असतं. विचारलं की कळतं, घरात कुणाच्या तरी अंगावरून वारं गेलेलं आहे. सासऱ्यांच्या, मालकांच्या, कधी स्वतःच्या आईच्या. आणि कर्ज हवं असतं ते बाटलीसाठी. बाटलीवर "अँटिऑक्सिडंट" असा मोठा शब्द. विकणारा सांगतो, "नसा मोकळ्या होतात, मेंदू पुन्हा ताजा होतो, तीन महिन्यांचा कोर्स करा." एका बाटलीची किंमत म्हणजे आठ-दहा दिवसांची खुरपणी. आणि बाटली परवडावी म्हणून बीपीची गोळी बंद केलेली असते. या शेवटच्या गोष्टीनं आमची झोप उडाली. म्हणून ठरवलं की बाटलीला नुसतं वाईट म्हणण्यापेक्षा तिच्यामागचा शोध नीट समजून घ्यायचा. त्यात खरं काय आहे, कुणी शोधलं, माणसांवर तपासलं तेव्हा काय निघालं, ते बघायचं.

वारं की रक्त?

आपण म्हणतो, "अंगावरून वारं गेलं." हा शब्द उगाच आलेला नाही. चरकसंहितेत या आजाराला पक्षवध म्हटलं आहे, सुश्रुतसंहितेत पक्षाघात. पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू. दोन्ही ठिकाणी तो वाताच्या आजारांत मोजला आहे. वात म्हणजे वारा. अर्धांगवायू या शब्दातही वायूच आहे. तिकडे युरोपातही शेकडो वर्षं शरीरातले रस बिघडल्यानं हा आजार होतो असंच मानत होते.

१६५८ साली स्वित्झर्लंडमधल्या योहान याकोब वेप्फर या डॉक्टरनं या आजारावर एक पुस्तक छापलं. लकवा होऊन मेलेल्या माणसांची प्रेतं त्यानं उघडून तपासली होती. काहींच्या मेंदूत त्याला रक्त साठलेलं दिसलं. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या अडल्या तरी हा झटका येत असावा, असंही त्यानं लिहिलं. म्हणजे खराबी हातापायात नसते, डोक्यातल्या रक्ताच्या वाटेत असते.

शेतातल्या ठिबकची नळी आठवा. झाडाला पाणी मिळत नाही त्याला दोन कारणं असतात. एक तर नळीत गाळ अडकतो, नाही तर नळी फुटते. मेंदूचंही तसंच. रक्ताची गुठळी अडकून नळी बंद झाली तर एक प्रकार, नळी फुटून रक्त सांडलं तर दुसरा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं. कोणता प्रकार आहे हे डोक्याचा सीटी स्कॅन केल्यावरच कळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे बाटलीच्या हिशोबात ती कामाला येणार आहे.

गंज, वांगं आणि पेशीतली ठिणगी

आता अँटिऑक्सिडंट म्हणजे काय? वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. विळा ओल्यात राहिला की गंजतो. दोन्ही ठिकाणी काम करतो तो हवेतला ऑक्सिजन. वांग्याच्या फोडींवर लिंबू पिळलं तर त्या लवकर काळ्या पडत नाहीत. लिंबातलं क जीवनसत्त्व ऑक्सिजनचा मारा स्वतःवर घेतं. अशा पदार्थाला अँटिऑक्सिडंट म्हणतात. एवढाच त्याचा अर्थ आहे. म्हणजे तुमच्या विळीजवळ रोज अँटिऑक्सिडंट असतं.

या शोधात बायकांचा हात मोठा आहे, ते आम्हाला वाचताना कळलं आणि फार बरं वाटलं. १९२२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन स्कॉट बिशप या दोघांनी उंदरांना ठरावीक खाणं देऊन पाहिलं. माद्या गाभण राहायच्या, पण पिल्लं पोटातच मरायची. खाण्यात हिरवा पाला दिला, नंतर गव्हाचा अंकुर दिला, तेव्हा पिल्लं जगली. त्या अंकुरात जो अंश होता त्याला पुढे ई जीवनसत्त्व म्हणू लागले. कॅथरीनबाई स्वतः डॉक्टर होत्या. १९३६ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं, त्या कामातही ग्लॅडिस इमर्सन ही बाई होती. त्याला नाव दिलं टोकोफेरॉल. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ बाळंतपणाशी जोडलेला आहे. आज ज्या बाटल्या मेंदूसाठी विकतात त्यातला हा मुख्य घटक, सुरुवातीला मात्र तो गर्भ टिकवणारा म्हणून सापडला. आपल्याकडच्या करडईच्या, सूर्यफुलाच्या तेलात आणि शेंगदाण्यात तो असतोच.

त्याच काळात हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांना त्यांच्या भागातल्या मिरचीतून भरपूर क जीवनसत्त्व मिळालं. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं.

आणि आपल्या मराठी बाईचं नाव इथंच घ्यायला हवं. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. नाकारणारे होते नोबेल मिळवलेले सी. व्ही. रामन. कमलाबाई हटल्या नाहीत, प्रवेश मिळवला आणि काम करून दाखवलं. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ साली पीएच.डी. झाल्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. तिथं बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवलं की वनस्पतींच्या पेशीतही सायटोक्रोम सी नावाचा पदार्थ असतो. पेशी ऑक्सिजन वापरून ताकद तयार करते, त्या साखळीतला तो एक दुवा.

ही साखळी म्हणजे पेशीची चूल. चूल पेटली की भाकरी होते, पण ठिणग्याही उडतात. पेशीतल्या या ठिणग्यांना शास्त्रज्ञ फ्री रॅडिकल म्हणतात. १९५४ साली अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमान या शास्त्रज्ञ बाईंनी मांडलं की जास्त ऑक्सिजनमुळे आणि क्ष-किरणांमुळे शरीराला होणारं नुकसान एकाच कारणानं होतं, या ठिणग्यांमुळे. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपणही याच ठिणग्यांमुळे येतं असा विचार मांडला. १९६९ साली अमेरिकेत मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांना शरीरातच एक द्रव्य सापडलं, जे या ठिणग्या विझवतं. म्हणजे आपल्या प्रत्येक पेशीत निसर्गानंच पाण्याची बादली ठेवलेली आहे.

मेंदूचा यात संबंध असा. मेंदूचं वजन शरीराच्या शंभरात जेमतेम दोन भाग, पण ऑक्सिजन लागतो शंभरातला वीस भाग. रक्त अडलं की ही चूल अर्धवट जळते. आणि रक्त पुन्हा सुरू झालं की एकदम ठिणग्यांचा लोट उठतो. १९७० च्या दशकात असंही दिसून आलं की गुठळीमुळे मेंदूचा मधला भाग लगेच मरतो, पण त्याच्या भोवतीचा भाग काही तास अर्धमेला राहतो. पावसानं ओढ दिल्यावर सोयाबीन माना टाकतं ना, तसं. सुकलेलं असतं, पण मेलेलं नसतं. तेव्हा शास्त्रज्ञांना आशा वाटली की ठिणग्या विझवणारं औषध दिलं तर हा अर्धमेला भाग वाचेल. बाटलीवरचा मोठा शब्द याच आशेतून आलेला आहे. आशा खोटी नव्हती, पण तिची परीक्षा व्हायची होती.

दोन वाफ्यांची परीक्षा

नवीन खत आलं तर आपण काय करतो? शहाणी बाई सगळ्या रानात टाकत नाही. एका वाफ्यात टाकते, शेजारचा वाफा तसाच ठेवते. पाणी सारखं, बियाणं सारखं. मग बघते. औषधाचंही तसंच करतात. निम्म्या माणसांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती हे माणसालाही माहीत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. शेवटी हिशोब उघडतात.

हे का करावं लागतं? कारण वारं गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याच माणसांत थोडी सुधारणा आपोआप होते. हात हलू लागतो, बोलणं सुधारतं. त्या काळात जे दिलं असेल त्याला श्रेय जातं. कुणी कबुतराचं रक्त चोळलेलं असतं, कुणी बाटली पाजलेली असते. शेजारचा वाफा नसेल तर खतामुळे पीक आलं की पावसामुळे, हे कळायचं कसं?

फिनलंडमध्ये १९८५ ते १९९३ या काळात सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर अशी परीक्षा झाली. काहींना ई जीवनसत्त्व, काहींना बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरात असतो तो अंश. १९९४ साली निकाल आला. बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त निघाला. आणि ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मेंदूत रक्त सांडून मेलेल्यांची संख्या जास्त निघाली.

मग २००० साली कॅनडातून एका मोठ्या परीक्षेचा निकाल आला. तिचं नाव "होप", म्हणजे आशा. तिचे प्रमुख सलीम युसूफ, मूळचे केरळचे. पंचावन्न वर्षांवरची, हृदयाचा त्रास किंवा मधुमेह असलेली नऊ हजारांवर माणसं, साडेचार वर्षं. या एकाच परीक्षेत दोन गोष्टी तपासल्या. एक ई जीवनसत्त्व, दुसरी रामिप्रिल नावाची गोळी, जी बीपीसाठी वापरतात. ई जीवनसत्त्वाचा काहीच फायदा दिसला नाही. रामिप्रिलच्या वाफ्यात मात्र हजारातल्या ३४ जणांना मेंदूचा झटका आला, साध्या गोळीच्या वाफ्यात हजारातल्या ४९ जणांना. मैत्रिणींनो, आमच्या मते या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान हेच. अँटिऑक्सिडंटची गोळी आणि बीपी-हृदयाची गोळी एकाच परीक्षेत तपासली, आणि कोणती कामाला आली ते आकड्यांनी सांगितलं.

बायकांवर वेगळी परीक्षा झाली का? झाली. अमेरिकेत ३९,८७६ बायकांनी दहा वर्षं एक दिवसाआड ई जीवनसत्त्व किंवा साधी गोळी घेतली. २००५ साली निकाल आला. लकव्याच्या झटक्यात फरक नव्हता.

२०१० साली काही संशोधकांनी अशा नऊ परीक्षा एकत्र करून १,१८,७६५ माणसांचा हिशोब मांडला. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी गुठळीचा झटका १० टक्क्यांनी कमी होतो, पण रक्त सांडण्याचा झटका २२ टक्क्यांनी वाढतो, असं निघालं. ठिबकची नळी आठवा. गाळ थोडा कमी झाला, पण नळी फुटायची भीती वाढली. आणि घरी बसून आपल्याला कळत नाही की आपल्या माणसाची नळी अडली होती की फुटली होती. म्हणून "नुकसान तर काही नाही ना" असं म्हणून बाटली पाजणं बरोबर नाही.

एक मात्र स्पष्ट सांगतो. हा हिशोब गोळ्यांचा आणि कॅप्सूलचा आहे, जेवणाचा नाही. आवळा, लिंबू, शेवग्याचा पाला, तीळ, शेंगदाणे, जवसाची चटणी हे खायचंच. अन्नात हे अंश थोडे-थोडे आणि एकमेकांबरोबर येतात.

हजार औषधं आणि एक अर्धी उघडलेली दारं

वरच्या परीक्षा झटका येऊ नये म्हणून होत्या. झटका आल्यावर मेंदू वाचवायचा प्रयत्न वेगळा. चैत्रातल्या येडाईच्या यात्रेत रानातून चुनखडी वेचायची आपली रीत आहे. शास्त्रज्ञांनीही अशी एकेक औषधं वेचली. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजलं तेव्हा असे १,०२६ उपाय भरले. त्यातले बरेचसे उंदरांवर चांगले चालले होते. माणसांपर्यंत पोचले ११४. पण मेंदू वाचवणारं खात्रीचं औषध म्हणून त्यातून काही हाती लागलं नाही.

त्यातली एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. एनएक्सवाय-०५९ नावाचं ठिणग्या विझवणारं इंजेक्शन एका मोठ्या कंपनीनं आणलं. झटका आल्यापासून सहा तासांत द्यायचं. २००६ च्या सुरुवातीला सुमारे १,७०० रुग्णांचा निकाल छापून आला, थोडा फायदा दिसत होता. सगळीकडे आनंद झाला. पण एका हंगामावर कुणी खताची खात्री देत नाही. दुसरी, दुप्पट मोठी परीक्षा घेतली, ३,३०६ रुग्णांची. फायदा शून्य. कंपनीनं ते औषध सोडून दिलं. दुसऱ्यांदा तपासलं म्हणून खरं बाहेर आलं.

उंदरांवर चाललं आणि माणसांवर का नाही? प्रयोगातला उंदीर तरुण आणि धडधाकट असतो, औषध त्याला काही मिनिटांत मिळतं. आपलं माणूस साठीचं, बीपी-शुगर असलेलं, आणि दवाखान्यात पोचतं संध्याकाळी. शिवाय नळी बंदच असेल तर औषध अर्धमेल्या भागापर्यंत जाणार कुठून?

पण शोध थांबलेला नाही, तेही सांगायला हवं. जपानमध्ये २००१ साली एडाराव्होन नावाच्या अशाच इंजेक्शनला परवानगी मिळाली. चीनमध्ये त्यात आणखी एक औषध मिसळून १,१६५ रुग्णांवर परीक्षा झाली. २०२१ साली निकाल आला, की तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे रुग्ण या औषधाच्या वाफ्यात शंभरात ६७ होते, नुसत्या एडाराव्होनच्या वाफ्यात ५९. म्हणजे एक दार अर्धं उघडलेलं आहे. पण ते दवाखान्यात, झटक्यानंतर पहिल्या दोन दिवसांत, डॉक्टरांच्या हातून द्यायचं औषध आहे. महिन्यांनंतर घरी चमच्यानं पाजायच्या बाटलीशी त्याचा संबंध नाही.

मुंबईतली मुळी

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट. लकव्याला सगळ्यात जास्त आमंत्रण देतं ते वाढलेलं बीपी. पण बीपीवर धड औषध नव्हतं. आपल्या देशात सर्पगंधेची मुळी वैद्य पिढ्यान्पिढ्या वापरत होते. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिनं बीपी उतरतं असं लिहिलं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या ५० रुग्णांवर ती नीट मोजूनमापून वापरली आणि १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात निकाल छापला. सगळ्या जगाचं लक्ष मुंबईकडे वळलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या कंपनीनं त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढचं पान १९६७ चं. अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी खूप जास्त बीपी असलेले १४३ पुरुष घेतले. निम्म्यांना बीपीच्या गोळ्या, त्यात हे सर्पगंधेचं रिसर्पिन होतं. निम्म्यांना साधी गोळी. साध्या गोळीच्या वाफ्यात २७ जणांना झटक्यासारखे गंभीर प्रकार झाले, औषधाच्या वाफ्यात फक्त दोघांना. बीपी उतरवलं तर माणूस वाचतं, हे जगाला तेव्हा आकड्यांनी कळलं.

म्हणजे बघा, आपली मुळी होती, आपल्या वैद्यांचं ज्ञान होतं, पण ती जगाच्या कामाला आली ती मोजल्यावर, तपासल्यावर. "आयुर्वेदिक आहे" किंवा "परदेशी आहे" एवढ्यानं औषध चांगलं ठरत नाही, वाईटही ठरत नाही. (सर्पगंधा घरी उगाळून घेऊ नका. रिसर्पिनचा मनावर वाईट परिणाम होऊ शकतो. आता त्याहून बऱ्या गोळ्या आहेत.)

गडचिरोलीनं काय दाखवलं

लकवा हा शहरातल्या, बसून काम करणाऱ्या लोकांचा आजार असं पूर्वी समजत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची "सर्च" संस्था १९८६ पासून काम करते. तिथल्या डॉ. योगेश्वर काळकोंडे यांच्या गटानं ८६ गावांत दोन वर्षं प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. निकाल २०१५ साली छापून आला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्यानं. कुठल्याही एका कारणापेक्षा हे जास्त होते. मेलेल्यांत जवळजवळ निम्म्या बायका. आणि शंभरातले ८७ मृत्यू घरीच झाले. दवाखाना त्यांच्यापर्यंत पोचला नाही, किंवा ते दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

गडचिरोलीची गावं आणि आपली गावं वेगळी आहेत. पण बीपी तपासलेलं नसणं, तपासलं तरी "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडणं, मिश्री-तंबाखू, लोणचं-पापडातलं मीठ, हे सगळं आपल्याकडंही आहे. २०१७ च्या अखेरीस सरकारनं बीपीचा एक कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात त्याची सुरुवात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांतून झाली. त्यात भर होता तो एकाच गोष्टीवर. गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात साधी, स्वस्त गोळी महिन्याच्या महिन्याला मिळावी आणि ती चुकू नये.

नऊ बायकांचा वारसा

कमलाबाई सोहोनी पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवत होत्या. गरिबांच्या खाण्यावर त्यांनी खूप काम केलं. निरा पिऊन कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना फायदा होतो, हे त्यांनी तपासून दाखवलं. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. म्हणजे खाण्यातल्या जीवनसत्त्वांचं मोल त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी त्याच बाई ग्राहकांच्या चळवळीत उतरल्या. १९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था काढली होती. कमलाबाईंनी तिच्यासाठी भेसळ ओळखायच्या सोप्या परीक्षा तयार केल्या, लेख लिहिले, पुढे त्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. चांगली वस्तू आणि चांगल्या वस्तूचं नाव लावून विकलेली वस्तू, यातला फरक त्यांना ठाऊक होता.

आपणही तो करू शकतो. बाटली हातात घ्या आणि मुलीला लेबल वाचायला सांगा. पूरक आहार म्हणून विकायच्या वस्तूवर "औषधी वापरासाठी नाही" असं इंग्रजीत छापणं नियमानं बंधनकारक आहे. विकणारा तोंडानं औषध म्हणतो आणि बाटली स्वतः म्हणते की मी औषध नाही. दुसरं, १९५४ सालचा एक कायदा आहे, जादूटोण्यासारख्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही, त्या यादीत लकवाही आहे आणि बीपीही आहे. कुणी पत्रक वाटून "लकवा मुळापासून बरा" म्हणत असेल, तर ते पत्रक जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात द्या.

मग आपण काय करायचं?

इतक्या शोधांतून झटक्याच्या वेळी खात्रीनं कामाला आलेली मोठी गोष्ट म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. १९९५ साली ते तीन तासांच्या आत दिलं तर फायदा होतो हे सिद्ध झालं, २००८ साली ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ पासून मोठ्या हॉस्पिटलांत तार घालून गुठळी ओढून काढण्याचा उपायही पक्का झाला. मोठी नळी अडली असेल तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा एक हिशोब आहे. आपण चहा टाकून "थोडं पडू द्या, बरं वाटेल" म्हणतो, तेवढ्यात किती गेल्या ते बघा.

म्हणून प्रत्येक गटानं या महिन्याच्या बैठकीत चार गोष्टी कराव्यात.

पहिली, ओळख. तोंड वाकडं, एक हात किंवा पाय लुळा, बोलणं बोबडं, यातलं एक जरी अचानक झालं तरी १०८ ला फोन. ते काही मिनिटांत आपोआप थांबलं तरी दवाखाना चुकवायचा नाही, कारण तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

दुसरी, वेळ. शेवटचं ठीक कधी दिसलं होतं ती वेळ लक्षात ठेवायची आणि डॉक्टरांना सांगायची. तोंडात पाणी, चहा, औषध काही घालायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जाऊ शकतं. घरातली गोळीही आपल्या मनानं द्यायची नाही. नळी अडली की फुटली, ते अजून माहीत नसतं.

तिसरी, पत्ता. धाराशिव, बार्शी, लातूर, सोलापूर, यातल्या कोणत्या दवाखान्यात रात्रीसुद्धा सीटी स्कॅन होतो आणि हे इंजेक्शन मिळतं, हे आशाताईंना आणि डॉक्टरांना आजच विचारून गटाच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. वेळ आली की विचारत बसायला वेळ नसतो.

चौथी, बीपी. तीस वर्षांवरच्या प्रत्येकीनं बीपी आणि शुगर तपासून घ्यायची. सरकारी दवाखान्यात तपासणीही फुकट आणि गोळीही. गोळी सुरू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही. हप्त्याच्या वहीत जसा हप्ता लिहितो, तसा गोळीचाही एक रकाना ठेवा. ज्या घरात आधीच वारं गेलेलं आहे तिथं हे दुप्पट महत्त्वाचं. गोळी, रोजचा व्यायाम आणि मालकांची तंबाखू सुटणं, यानं पुढचा झटका टळायची शक्यता वाढते.

आणि कर्जाचं म्हणाल तर गटाचा पैसा नाही म्हणायचा नाही. गाडीभाड्याला द्या, सीटी स्कॅनला द्या, फिजिओथेरपीला द्या, घरी चालायला आधाराची काठी घ्यायला द्या. बाटलीसाठी अर्ज आला तर त्या ताईला रागावू नका. तिच्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे आणि तिला काहीतरी करायचं आहे. तिच्याजवळ बसा, "होप"ची ती दोन वाफ्यांची गोष्ट सांगा आणि विचारा, "बीपीची गोळी चालू आहे ना?"

पुढच्या भागात आशाताईंबरोबर बीपी मोजायचं यंत्र कसं वाचायचं ते बघू. तोपर्यंत नमस्कार.